गोदातीर सोडून काशीस गेलेले पंडित

१. गेल्या वर्षीं माझा एक जुना विद्यार्थी आपल्या वडिलांच्या अस्थि घेऊन अमेरिकेंतून पंचवटीस आला होता. रामकुंडावरील विधि आटोपल्यावर त्याच्या कुळाच्या तीर्थोपाध्यायांनीं रुमाल सोडून वही पुढें ठेविली. तींत त्याच्या पणज्याच्या हातचा मोडी लेख निघाला: नांव, गोत्र, बापाचें व आज्याचें नांव, भावांचीं व मुलांचीं नांवें, आणि शेवटीं गांव. त्याखालीं आतां नवा लेख करावयाचा होता. उपाध्यायांनीं सांगितलें त्याप्रमाणें त्यानें 'मूळ राहणार' म्हणून पणज्याचेंच गांव लिहिलें, आणि 'हल्ली मुक्काम' म्हणून अमेरिकेंतील एका शहराचें नांव लिहिलें.

दुपारीं तो माझ्या घरीं आला तेव्हां त्याच्याजवळ दोन चिंता होत्या. एक, वडिलांच्या माघारीं पंचवटींतील जुनें घर विकावें लागणार, तर त्यांतील पोथ्यांच्या दोन बासनांचें काय करावें. दुसरी चिंता नव्हे, कोडें होतें. त्याच्या शेजारचें एक वृद्ध दांपत्य जन्मानें अमेरिकन, पिढ्यान् पिढ्या तेथलेंच. त्यांनीं आपलें घर विकून पोर्तुगालांत कायमची वस्ती केली. तो म्हणाला, "गुरुजी, आम्ही ज्या देशांत सुख शोधावयास गेलों, तेथलेच लोक तो देश सोडून सुखासाठीं दुसरीकडे जातात. हें कसें?" त्या दिवशीं मला त्याचें समाधान करतां आलें नाहीं. पुढें विचार करतांना असें दिसलें कीं, ह्या कोड्याचा उलगडा करण्याजोगीं साधनें आपल्याच दप्तरांत व ग्रंथांत पुष्कळ आहेत. कारण संपन्न स्थळ सोडून परमुलखीं वस्ती करणारे लोक आपल्या गोदातीरींही होऊन गेले. त्यांची हकीकत येथें जुळवून देतों.

२. प्रथम त्या अमेरिकन दांपत्याची हकीकत, जेवढी कळली तेवढी. नोकरी संपली, ठरलेलें निवृत्तिवेतन मिळूं लागलें; परंतु घराचा कर, विम्याचे हप्ते व औषधोपचार ह्यांत तें पुरेना. पोर्तुगालांत तेवढ्याच पैशांत त्यांस बरें घर, बाजारापर्यंत पायीं जाण्याजोगा रस्ता, आणि परवडेल असा वैद्य मिळाला. मेक्सिको वगैरे देशांतही ह्याच हिशेबानें अमेरिकन लोक जाऊन राहतात. त्यांचें सरकारी निवृत्तिवेतन बहुतेक देशांत पोहोंचतें. वृद्धांचा सरकारी वैद्यकीय विमा मात्र सामान्यतः देशाबाहेर चालत नाहीं. आणि नागरिक कोठेंही राहिला तरी त्यास आपल्या प्राप्तीचा हिशेब स्वदेशीच्या सरकारास द्यावा लागतो. म्हणजे मुक्काम बदलला तरी मूळ सुटत नाहीं, असेंच तेथेंही आहे.

आपल्या शास्त्रकारांनीं ज्यास योगक्षेम म्हटलें तीच ही गोष्ट होय. न मिळालेलें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हा क्षेम. निव्वळ योगासाठीं देश सोडणारा निराळा व क्षेमासाठीं सोडणारा निराळा. दारिद्र्यामुळें परदेशीं जाणारा पहिल्या प्रकारचा, आणि हें अमेरिकन दांपत्य दुसऱ्या प्रकारचें. आमच्या नीतिग्रंथांत वस्तीयोग्य गांवाच्या पांच खुणा सांगितल्या आहेत. धनिक, श्रोत्रिय, राजा, नदी आणि वैद्य हीं पांच जेथें नाहींत तेथें एक दिवसही राहूं नये, असा त्या वचनाचा आशय आहे. शाळेंत हें वचन मीं मुलांकडून अनेक वर्षें पाठ करून घेतलें. परंतु इतिहास लावण्यास तें इतकें उपयोगीं पडेल असें तेव्हां वाटलें नव्हतें. खालील विवेचनांत ह्याच पांच खुणांचें माप मीं वापरलें आहे.

३. विक्रमाच्या सोळाव्या-सतराव्या शतकांपासून काशीच्या पंडितमंडळांत दाक्षिणात्यांचें वर्चस्व होतें, ही गोष्ट आतां सर्वमान्य आहे. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनीं सन १९१२ मध्यें 'इंडियन अँटिक्वरी'त ह्या विषयावर लेख लिहिला, आणि पुढें महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासांत ह्या घराण्यांचे ग्रंथ व काल तपशीलवार लावून दिले. परंतु हे लोक गेले कां, ह्या प्रश्नास आपल्याकडे एकच ठरीव उत्तर देण्यांत येतें: देवगिरीचें राज्य बुडालें, यावनी अंमल बसला, दक्षिणेंत विद्येस आश्रय उरला नाहीं, म्हणून पंडित काशीस पळाले. हें उत्तर मला पुरेसें वाटत नाहीं. कारणें तीन.

पहिलें, काल जुळत नाहीं. यादवांचें राज्य सन १३१८ त संपलें. काशीच्या ज्या घराण्याचा वृत्तांत आपणांस सर्वांत चांगला माहीत आहे, तें पैठणचें भट्ट घराणें सोळाव्या शतकाच्या पहिल्या पादांत गेलें. मधलीं दोनशें वर्षें हें कुळ पैठणासच होतें. भयानें पळणारा माणूस दोनशें वर्षें थांबत नाहीं.

दुसरें, ज्या अंमलाच्या भयानें पळाले म्हणतात तोच अंमल काशीस होता. रामेश्वर भट्ट निघाले तेव्हां काशी दिल्लीच्या लोदी सुलतानांकडे होती. पुढें मोंगलांकडे गेली. काशींतील देवस्थानांस तर पैठणाहून अधिक उपद्रव झालेला होता. नारायण भट्टांच्या 'त्रिस्थलीसेतु' ग्रंथांत असा विचार आला आहे कीं, म्लेच्छादिकांच्या उपद्रवामुळें मूळ लिंग जागेवर नसेल, तर त्या स्थानीं जें लिंग असेल त्याचीच पूजा करावी. ही व्यवस्था लिहिण्याची वेळ ज्या क्षेत्रांत आली तें निर्भय स्थान म्हणून कोणी निवडलें असेल, हें संभवत नाहीं.

तिसरें, दक्षिणेंत आश्रय मुळींच नव्हता असेंही नाहीं. 'नृसिंहप्रसाद' हा धर्मशास्त्राचा प्रचंड निबंध दलपतिराजानें लिहिला, तो निजामशाहीच्या पदरीं असतांना. म्हणजे ज्या पिढींत भट्टांनीं पैठण सोडलें, जवळजवळ त्याच पिढींत देवगिरीच्या परिसरांत इतका मोठा ग्रंथ निर्माण होत होता. राजकीय धामधुमीचा, दुष्काळांचा परिणाम कांहींच झाला नाहीं असें माझें म्हणणें नाहीं. तो झालाच असेल. परंतु धक्का देणारें कारण निराळें, आणि ओढून घेणारें निराळें. आपल्या इतिहासकारांनीं पहिल्याचाच विचार केला, दुसऱ्याचा फारसा केला नाहीं.

४. आतां रामेश्वर भट्टांचा वृत्तांत पाहूं. तो आपणांस त्यांचे नातू शंकर भट्ट यांनीं लिहिलेल्या 'गाधिवंशानुचरित' ह्या कुलवृत्तांतावरून कळतो. कुळ विश्वामित्रगोत्री, ऋग्वेदी आश्वलायन, राहणार प्रतिष्ठानचे. रामेश्वर भट्ट हे पैठणास अध्यापन करीत. घरीं विद्यार्थी होते, प्रतिष्ठा होती, खालीं गंगा वाहत होती. त्यांस उणें होतें तें अपत्याचें. ते देवदर्शनास कोल्हापुरीं गेले. पुढें द्वारकेच्या वाटेवर असतां शके १४३५ च्या चैत्रांत, म्हणजे सन १५१३ च्या सुमारास, त्यांस नारायण हा पुत्र झाला. द्वारकेस कांहीं काळ राहून त्यांनीं तेथेंही पाठ चालविले. नंतर ते पैठणास परत आले, कांहीं वर्षें राहिले, आणि मग पुन्हां निघून काशीस जाऊन स्थिर झाले. धाकटा मुलगा माधव हा काशींत जन्मला.

ह्यांत लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं, ते एकदां द्वारकेहून परत आले होते. घर लुटलें गेलें म्हणून ते बाहेर पडले असते, तर परत येऊन राहिले नसते. ते दुसऱ्या वेळीं निघाले ते बाहेरचें जग पाहून, पैठण व परमुलूख ह्यांची तुलना मनांत करून निघाले. आमच्या विद्यार्थ्याच्या शेजाऱ्यांनीं घर विकण्यापूर्वीं दोन उन्हाळे पोर्तुगालांत काढले होते असें तो म्हणाला. माणसाची रीत सगळीकडे सारखीच दिसते. प्रथम यात्रा, मग मुक्काम, मग वस्ती.

५. भट्टांच्या मागून व त्यांच्या आसपास गोदेच्या दोन्ही तीरांवरचीं अनेक कुळें काशीस गेलीं. शेष घराण्यांत शेष कृष्ण झाले. भट्टोजी दीक्षित हे त्यांचे शिष्य. देव घराण्यांत आपदेव व अनंतदेव झाले. 'मीमांसान्यायप्रकाश' हा ग्रंथ आपदेवांचा, आणि 'स्मृतिकौस्तुभ' अनंतदेवांचा. अनंतदेव आपली परंपरा गोदातीरींच्या एकनाथांपासून सांगतात. भारताची 'भारतभावदीप' ही सर्वत्र चालणारी टीका लिहिणारे नीलकंठ चतुर्धर हे मूळ कोपरगांवचे. कवींद्राचार्य सरस्वती हेही मूळ गोदातीरींचे ऋग्वेदी. पुढें संन्यास घेऊन काशींत राहिले. पंचवटीहून खालीं पैठणापर्यंत गंगेच्या कांठानें चालत जावें, आणि वाटेवर लागणाऱ्या गांवांतून काशीस गेलेल्यांची गणना करावी, तर एक लहानसें विद्यापीठ उभें राहील.

६. काशीनें ह्या लोकांस काय दिलें? पांच खुणांचेंच माप लावून पाहूं.

नदीच्या बाबतींत तुलना नको. आम्ही गोदेसही गंगाच म्हणतों. परंतु काशींत मरण आलें असतां मुक्ति मिळते ही दृढ श्रद्धा होती, आणि वार्धक्यांत मुक्काम निवडणाऱ्या माणसास तें फार मोठें आकर्षण असणार. वैद्य देह राखतो. काशीवास ह्याच्यापुढची काळजी दूर करतो, असें त्या पिढीस वाटे. तेव्हां पांचवी खूण त्यांनीं आपल्यापरीनें अशी भरून काढली होती.

श्रोत्रियांची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पैठणास विद्वान होते, पण ते बहुतेक एकाच देशींचे. काशींत नारायण भट्टांपाशीं शिकावयास द्रविड, गुर्जर, मिथिला, गौड, कर्णाट, उत्कल अशा नाना देशांचे विद्यार्थी येत. शास्त्रार्थास मैथिल व गौड पंडित समोर बसत. तोडरमल्लाच्या घरीं श्राद्धप्रसंगीं नारायण भट्टांचा गौड पंडित विद्यानिवास यांच्याशीं वाद झाला व त्यांत भट्ट जिंकले, असें कुलवृत्तांतांत आहे. विद्वानास तोलाचा प्रतिपक्षी न मिळणें हें एक प्रकारचें दारिद्र्यच होय. तें खेड्यांतील पंडितास जितकें जाचतें तितकें धनाचें दारिद्र्य जाचत नाहीं. चाळीस वर्षें शाळेंत शब्दरूपें घोकवून घेतलेल्या माणसास हें निराळें सांगावयास नको.

धनिक व राजा हीं दोन्ही काशींत एकत्र मिळालीं. अकबराच्या कारकीर्दींत वाटा बऱ्या झाल्या, यात्रा वाढली, आणि राजपूत राजे व दिवाणी अंमलदार काशींत दानधर्म करूं लागले. सन १५८५ च्या सुमारास तोडरमल्लाच्या साह्यानें विश्वेश्वराचें देऊळ पुन्हां उभें राहिलें, तें नारायण भट्टांच्या पुढाकारानें. त्यांचे नातू नीलकंठ भट्ट यांनीं 'भगवंतभास्कर' हा बारा मयूखांचा निबंध लिहिला, तो यमुना-चंबळेच्या संगमाजवळील भरेहाचा राजा भगवंतदेव याच्या आश्रयानें. 'स्मृतिकौस्तुभ'कार अनंतदेवांस कुमाऊंचा राजा बाजबहादुरचंद्र याचा आश्रय होता. पहाडी राजा, रजपूत संस्थानिक, मोंगल दिवाण, ह्या सर्वांची वाट काशीवरून जात होती. पैठणावरून जात नव्हती.

राहणीचें प्रत्यक्ष चित्र हवें असेल तर फ्रेंच प्रवासी बर्निये याचें सन १६६७ चें पत्र पहावें. त्यानें काशी स्वतः पाहिली होती. तो सांगतो कीं, येथें युरोपांतल्यासारख्या पाठशाळांच्या इमारती नाहींत. गुरु आपापल्या घरीं, किंवा शहराबाहेर धनिकांनीं दिलेल्या बागांत शिकवितात. कोणापाशीं चार शिष्य, कोणापाशीं सहा-सात, नामांकितापाशीं बारा-पंधरा. शिष्य दहा-बारा वर्षें राहतात, सावकाशीनें शिकतात, आणि सावकारांकडून येणारी खिचडी खातात. पोथ्यांनीं गच्च भरलेलें एक मोठें दालनही त्यानें पाहिलें. बागेंतील सावली, बारा शिष्य, नियमित खिचडी, हाताशीं ग्रंथ, आणि घाई नाहीं. विद्वानाच्या योगक्षेमाचें ह्याहून चांगलें वर्णन मला ठाऊक नाहीं. हें ऐश्वर्य नव्हे. कोणी पंडित काशीस जाऊन श्रीमंत झाला असें फारसें दिसत नाहीं. त्यांस मिळालें तें स्वास्थ्य. आणि स्वास्थ्यासाठीं माणूस जन्मभूमि सोडतो.

७. पण ह्या स्वास्थ्यास किंमत होती. परक्या मुलखांत मिळणारा क्षेम दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतो. ह्याचें उदाहरण कवींद्राचार्यांचें. शहाजहान बादशहापुढें उभें राहून त्यांनीं काशी व प्रयाग येथील यात्रेकरूंवरील कर उठविला. त्याबद्दल देशोदेशींच्या पंडितांनीं त्यांच्या गौरवार्थ लिहिलेल्या लेखांचा संग्रह 'कवींद्रचंद्रोदय' ह्या नांवानें पुण्यांत सन १९३९ मध्यें छापला गेला. बर्निये ज्या काशीच्या मुख्य पंडिताचें वर्णन करतो तो कवींद्राचार्यच असावा, असें प्रा. प. कृ. गोडे यांनीं दाखविलें आहे. त्या पंडितास शहाजहानानें दोन हजार रुपयांचें वेतन बांधून दिलें होतें. औरंगजेबानें तें बंद केलें, आणि मग तो दिल्लींत दानिशमंदखान नांवाच्या अमीराच्या आश्रयास राहिला. सन १६६९ त औरंगजेबाच्या हुकुमानें विश्वेश्वराचें देऊळ पाडण्यांत आलें. नारायण भट्टांनीं उभारलेलें देऊळ शंभर वर्षेंही टिकलें नाहीं.

ग्रंथसंग्राहकांस कवींद्राचार्यांचें नांव दुसऱ्या कारणानें परिचित आहे. त्यांच्या ग्रंथसंग्रहाची यादी बडोद्यास सन १९२१ त प्रसिद्ध झाली. तींत दोन हजारांहून अधिक ग्रंथांचीं नांवें आहेत. आज तो संग्रह एकत्र नाहीं. त्यांच्या नांवाचा मालकीचा शेरा असलेल्या पोथ्या बिकानेरच्या अनूप ग्रंथालयांत व इतरत्र विखुरलेल्या सांपडतात. धनी परमुलखींचा, संन्यासी, मागें वारस नाहीं. पोथ्यांची अशी वाताहत व्हावी हें ओघानेंच आलें. तरी पहिल्या पानावर नांव लिहिलेलें होतें, म्हणून आज आपणांस त्या ओळखतां तरी येतात.

८. आणखी एक किंमत पैठणानें दिली. हे लोक गेल्यावर दक्षिणेंतील विवादांचा निकाल हळूहळू काशीहून येऊं लागला. देवरुखे ब्राह्मणांच्या पंक्तिव्यवहाराचा वाद कोंकणांतला. पण त्याचें निर्णयपत्र सन १६५७ मध्यें विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपांत जमलेल्या पंडितांच्या सह्यांनिशीं निघालें. रा. स. पिंपुटकर यांनीं हीं पत्रें सन १९२६ त 'चितळे भट्ट प्रकरण' ह्या पुस्तकांत छापलीं आहेत. सह्यांचीं नांवें वाचीत गेलें असतां जागजागीं ओळखीचीं दक्षिणी कुळें भेटतात. म्हणजे घरचीच माणसें, पण काशीचा शिक्का लागल्यावर त्यांच्या शब्दास अधिक वजन आलेलें. पैठणची धर्मसभा पुढें पेशवाईंतही निर्णय देत होती. परंतु मोठ्या प्रकरणीं लोकांची दृष्टि उत्तरेकडे वळे.

ह्याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. गेलेले लोक तुटले नाहींत. नारायण भट्टांचे पणतू विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट हे सन १६६४ त राजापुरीं सारस्वतांच्या प्रकरणीं निर्णय देण्यास आले होते, आणि शके १५९६ च्या ज्येष्ठांत, सन १६७४ मध्यें, रायगडीं श्रीशिवछत्रपतींचा राज्याभिषेक त्यांच्या हातें झाला. पैठण सोडून दीडशें वर्षें झालीं होतीं. चार पिढ्या काशींत जन्मून वाढल्या होत्या. तरी महाराष्ट्रांत आपले म्हणून त्यांस बोलाविलें गेलें, आणि काशीचे म्हणून त्यांचा शब्द मानला गेला. 'मूळ' व 'हल्ली' ह्या दोन्ही रकान्यांचा उपयोग एकाच माणसास कसा झाला, ह्याचें ह्याहून ठसठशीत उदाहरण नाहीं. नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' तर इंग्रजी अमदानींत गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण ह्या भागांत हिंदु वारसाच्या कज्ज्यांत मुख्य आधार मानला जाई. काशींत, संगमावरच्या एका राजाच्या आश्रयानें लिहिलेला ग्रंथ मुंबईच्या हायकोर्टांत वाचला जात होता.

पेशवाईंत ह्या येण्याजाण्यास राजकीय बळ मिळालें. प्रवरासंगमाजवळच्या कायगांवचे नारायण दीक्षित पाटणकर थोरल्या बाजीरावाच्या कारकीर्दींत काशीस जाऊन राहिले. त्यांनीं तेथें दक्षिणी ब्राह्मणांसाठीं घरें बांधविलीं व घाट बांधविले. त्यांच्या घराण्याचीं छापून निघालेलीं पत्रें पाहिलीं तर काशीची बातमी कायगांवीं व पुण्यास, आणि इकडची तिकडे, कशी सतत चालू होती हें दिसतें. राज्य गेल्यावर दुसरा बाजीराव ब्रह्मावर्तीं आठ लक्षांच्या नेमणुकीवर राहिला. पण तो मुक्काम विजेत्यांनीं ठरविलेला होता, म्हणून त्यास मी ह्या मालिकेंत धरीत नाहीं. सन १८५१ त तो वारल्यावर नेमणूकही बंद झाली. परक्याच्या मर्जीवरचा क्षेम किती दिवस टिकतो, ह्याचा हा आणखी एक दाखला.

९. सगळेच गेले व राहिले असें नाहीं. श्रीएकनाथांनीं आपली भागवताची टीका शके १४९५ त, सन १५७३ मध्यें, काशींत पुरी केली. तेथें त्यांचा मान झाला. राहूं म्हणते तर राहतां आलें असतें. परंतु ते पैठणास परत आले. ज्या भाषेंत ते लिहीत होते तिचा श्रोता गोदातीरीं होता, हेंच मला त्याचें कारण दिसतें. त्यांचा पुत्र हरिपंडित मात्र बापाच्या प्राकृत निरूपणावर रुसून काशीस गेला व पुढें एकनाथांनीं त्यास परत आणलें, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. एका घरांतील बाप व लेक ह्यांच्या दोन वाटा त्यांत दिसतात. संस्कृतांत लिहिणाऱ्यास सगळा भरतखंड श्रोता होता, म्हणून तो जेथें श्रोते जमले तेथें गेला. मराठींत सांगणाऱ्यास आपल्या माणसांत राहणें भाग होतें. कोणाचा क्षेम कोठें, हें ज्याच्या त्याच्या विद्येवर ठरलें.

१०. ह्या सर्वांवरून माझा निष्कर्ष असा. गोदातीरींचे पंडित काशीस गेले ते मुख्यतः पळून नव्हे, निवडून गेले. पैठण ओसाड झालें नव्हतें. तेथें पोट भरत होतें. परंतु पोट भरणें व बरें जगणें ह्यांत अंतर आहे. तोलाचे सोबती, स्थिर आश्रय, शिष्य, पोथ्या, आणि शेवटची निश्चिंती हीं जेथें एकत्र दिसलीं तेथें ते गेले. संपन्न अमेरिका सोडून पोर्तुगालांत राहणाऱ्या वृद्धांस सोबती, परवडणारा वैद्य व सावकाश चालणारा दिवस हवा असतो. दोघांच्या गरजा निराळ्या, हिशेब एक. देशाची श्रीमंती ही देशाची असते. तींतला आपल्या वांट्यास येणारा क्षेम किती, एवढेंच माणूस मोजतो. आणि ज्या गांवाहून चांगलीं माणसें निघून जातात तें गांव उपाशी होतें म्हणून नव्हे, तर तेथें त्यांच्या गुणास जागा उरली नव्हती म्हणून, हेंही त्याबरोबर कबूल करावें लागतें. आपल्या इतिहासलेखनांत यावनी अंमलावर सगळें खापर फोडलें कीं हा दुसरा प्रश्न विचारावाच लागत नाहीं. तो विचारावा असें मला वाटतें.

११. शेवटीं संग्राहक मंडळीस एक विनंति. पंचवटींत, त्र्यंबकेश्वरीं, पैठणास व काशींत तीर्थोपाध्यायांच्या घरीं असलेल्या वह्यांत ह्या स्थलांतराची नोंद कुळवार पडलेली आहे. ग्रंथांवरून थोरांचा वृत्तांत कळतो. कारकून, भिक्षुक, सावकार, विधवा बाया, ह्यांचें येणें-जाणें कळण्यास ह्या वह्यांवांचून दुसरें साधन नाहीं. कागद ठिसूळ झाला आहे, मोडी वाचणारे उपाध्याय थोडे उरले आहेत. ज्यांस शक्य असेल त्यांनीं आपापल्या कुळाचा लेख तरी उतरून घ्यावा, आणि उतरतांना नांवांबरोबर 'मूळ' व 'हल्ली' हे दोन्ही शब्द जसेच्या तसे घ्यावे. पोथ्यांच्या याद्या करतांनाही ग्रंथाचें व लेखकाचें नांव घेऊन थांबूं नये. पोथी कोठें लिहिली, कोणासाठीं, आणि ती आपणांकडे कोणत्या गांवाहून आली हें लिहावें. काशींत नकललेली पोथी नाशकांतल्या घरीं सांपडली, तर तिच्यामागें कोणाचा तरी प्रवास असतो.

माझ्या विद्यार्थ्यानें वडिलांचीं दोन्ही बासनें एका ग्रंथसंग्रहास देण्याचें ठरविलें. त्यापूर्वीं दोन दिवस बसून आम्ही प्रत्येक पोथीच्या वेष्टनावर शाईनें लिहिलें: घराण्याचें नांव, मूळ राहणार अमुक, मुक्काम पंचवटी, देणाराचा हल्ली मुक्काम अमेरिका. तो गेल्यावर मीं माझ्याही पोथ्या खालीं काढल्या. माझीं मुलेंही आतां पंचवटींत नाहींत. वेष्टनांवर मूळ गांव व पंचवटी हीं दोन नांवें घातलीं, आणि त्यापुढें एका ओळीची जागा मोकळी ठेविली आहे.